यादीत नाव आले. आता राजकारण शिकायचे कोठून आणि त्यात उतरायचे कसे?

माणगंगाकाठ (आटपाडी तालुका, सध्या सांगली)

नमस्कार. मी आटपाडी तालुक्यातील एका गावची असून सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि वसतिगृहात राहते. गेल्या महिन्यात माझे मतदार ओळखपत्र टपालाने गावाकडच्या घरी आले. आईने ते देवघरात ठेवले आणि मला फोन केला. आनंद झालाच; परंतु त्याच संध्याकाळी मनात आले की या ओळखपत्राचे मी नेमके काय करायचे, हे मला कोणी कधी सांगितलेले नाही. राज्यपालांची नेमणूक कोण करते हे मी परीक्षेत लिहिले आहे, पण आमच्या वस्तीवरच्या रस्त्याचे पैसे कोण मंजूर करते, हे आजही मला सांगता येणार नाही.

यात दोष माझा आहेच, पण सगळा माझाच आहे असे वाटत नाही. जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ मध्ये झाली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. ती मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकांच्या हाती कारभार राहिला; म्हणजे आजूबाजूचे पाहून समज येण्याच्या वर्षांतच जिल्हा परिषद सदस्य काय काम करतो, हे आमच्या पिढीला दिसले नाही. महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या निवडणुका होत नाहीत. मोबाईलवर भाषणांचे तुकडे दिसतात, त्यांतून कोण कोणाला काय बोलले एवढेच कळते. आणि घरी विषय काढला की आजोबा म्हणतात, "त्या भानगडीत आपण पडायचे नाही."

मला मात्र पडायचे आहे, निदान समजून तरी घ्यायचे आहे. सुरुवात कोठून करावी? माझे नाव गावीच ठेवावे की सांगलीला हलवावे? आणि कोणाचा तरी झेंडा धरून मिरवणुकीत चालण्यापलीकडे माझ्यासारख्या मुलीला राजकारणात शिरण्याचा काही मार्ग आहे का? ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रीतिसंगम (कराड)

प्रथम तुझे अभिनंदन. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले आणि त्या काळात बऱ्याच निवडणुकांना मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे देता येते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आपले नाव गावच्या घरी किंवा शिकण्याच्या ठिकाणी, यांपैकी एका जागी नोंदवता येते. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही आणि अर्जात खोटे लिहिल्यास शिक्षेची तरतूद आहे. सांगलीला नाव हलवायचे ठरवलेस तर नमुना ८ भरावा लागेल. पण हलवण्याआधी काय बदलते ते पाहा. लोकसभेला तुझे गाव आणि तुझे वसतिगृह दोन्ही सांगली मतदारसंघातच आहेत. विधानसभेला मात्र गावाकडे तू खानापूर मतदारसंघाची मतदार आहेस आणि येथे सांगलीची होशील. गावाकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तीन ठिकाणी तुझा शब्द आहे, तर शहरात एक महापालिका आहे. माझे मत विचारशील तर शिक्षण संपेपर्यंत नाव गावीच असू दे.

तुझ्या ज्या मैत्रिणींची नावे अजून यादीत नाहीत त्यांना सांग की नमुना ६ भरण्यासाठी आता १ जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाली का हे ज्या दिवशी पाहतात त्या तारखा) २०२२ पासून लागू आहेत आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. आमच्या वेळी एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागत. माझे पहिले मतदान डिसेंबर १९८४ मध्ये झाले, यशवंतराव चव्हाणांच्या निधनाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता आणि कराड अजून सावरले नव्हते. ६१ व्या घटनादुरुस्तीने वयाची अट अठरावर आणली ती १९८९ मध्ये. म्हणजे तुला जो हक्क अठराव्या वर्षी मिळाला, त्यासाठी आम्ही आणखी तीन वर्षे थांबलो होतो. हे तुला ऐकवण्यासाठी लिहीत नाही. या वयाच्या मुलांवर देशाने विचारपूर्वक विश्वास टाकला आहे, एवढेच लक्षात असावे.

शिकण्याची सुरुवात म्हणशील तर मी मतदान केंद्र सुचवीन, आणि तेही मत देऊन निघून येण्यासाठी नव्हे. पुढच्या विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या निवडणुकीत एखाद्या उमेदवाराची मतदान प्रतिनिधी म्हणून बस. त्यासाठी पुढारी असावे लागत नाही, मतदार असावे लागते. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, बाहेर अजून अंधार असताना, केंद्रात अभिरूप, म्हणजे यंत्राच्या चाचणीसाठीचे, मतदान घेतले जाते. प्रतिनिधींच्या समोर किमान पन्नास मते टाकली जातात, यंत्राचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेले ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजून ताडून पाहतात, मग यंत्र शून्यावर आणून त्या चिठ्ठ्या काळ्या जाड पाकिटात घालून मोहोरबंद करतात. एका वर्षी माझ्या केंद्रावर एकोणीस वर्षांचा एक मुलगा प्रतिनिधी म्हणून आला होता. त्याने चिठ्ठ्या स्वतः दोनदा मोजल्या. बाकीचे प्रतिनिधी चहाकडे पाहत होते, पण मला त्या मुलाचे कौतुक वाटले, कारण ती मोजणी त्याच्यासाठीच तर होती. संध्याकाळी मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष १७ सी नावाच्या नमुन्यात एकूण किती मते नोंदली गेली ते लिहून त्याची सही केलेली प्रत प्रतिनिधींना देतो आणि मतमोजणीच्या दिवशी तोच आकडा यंत्राशी पडताळता येतो. यंत्रांविषयी जो वाद तू मोबाईलवर ऐकतेस, त्यात कोणाचे म्हणणे कितपत खरे आहे हे ठरवण्याआधी हा कागद हातात घेऊन पाहिलेला असणे मला आवश्यक वाटते.

दुसरे असे की प्रत्येक उमेदवार अर्जासोबत नमुना २६ मध्ये शपथपत्र देतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिलेल्या निर्णयामुळे ही माहिती उघड झाली. त्यात प्रलंबित गुन्हे, स्वतःची आणि कुटुंबाची मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहिलेले असते आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येते. तुझ्या मतदारसंघातील आमदारांची मागच्या दोन निवडणुकांतील शपथपत्रे उघड आणि शेजारी शेजारी ठेवून वाच. एका संध्याकाळचे काम आहे.

विद्यार्थी निवडणुकांविषयी तू लिहिलेस ते खरे आहे आणि त्याची खंत मला शिक्षक म्हणून आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमात थेट निवडणुकांची तरतूद केली गेली; २०१९ मध्ये त्या जाहीरही झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. यशवंतराव १९३२ मध्ये तिरंगा फडकावल्याबद्दल तुरुंगात गेले तेव्हा ते शाळकरी विद्यार्थी होते आणि तुरुंगातील वाचन आणि चर्चा यांतून त्यांची राजकीय समज घडली. ज्या जिल्ह्यांनी विद्यार्थिदशेतून नेते घडवले, तेथील विद्यार्थ्यांना आज वर्गप्रतिनिधी निवडण्याचाही सराव नाही.

खटावची सदस्या (खटाव तालुका, सातारा)

सरांनी मतदानाच्या दिवसाविषयी लिहिले आहे. मला उरलेल्या दिवसांविषयी लिहायचे आहे.

ताई, तू लिहिले आहेस की या ओळखपत्राचे काय करायचे ते तुला माहीत नाही. ज्या दिवशी गावच्या मतदार यादीत तुझे नाव आले, त्या दिवसापासून तू ग्रामसभेची सदस्य आहेस. त्यासाठी वेगळा अर्ज नाही, वर्गणी नाही, कोणाची शिफारस नाही. सरपंच निवडणुकीने होतो आणि जातो. तुझे ग्रामसभेतील स्थान तुझे नाव यादीत असेपर्यंत कायम आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि सहसा त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर लागतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. ती प्रत्यक्षात भरते की केवळ वहीत भरते, हे तू तुझ्या गावात जाऊन विचारावेस असे मला वाटते.

मी राखीव जागेवरून निवडून आले. पंचायत संस्थांमध्ये महिलांना पन्नास टक्के आरक्षण २०११ पासून आहे आणि त्याशिवाय मला कोणी उमेदवारी दिली नसती, हे मी मोकळेपणाने सांगते. पहिल्या मासिक सभेला माझे पती सोबत आले आणि माझ्या खुर्चीत बसले. मी शेजारी उभी राहिले. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही वाटले नाही. दुसऱ्या सभेला मी एकटी गेले. मला सगळ्यात जास्त शिकवले ते इतिवृत्ताच्या वहीने. वही माझ्यासमोर सरकवून "ताई, येथे सही करा" असे सांगण्यात आले. मी पान उलटले, तर हजेरीच्या सह्या झालेल्या होत्या आणि ठरावांची जागा कोरी होती. मी सही केली नाही आणि "आधी ठराव लिहा, वाचून दाखवा, मग करते" असे म्हणाले. सभेत एकदम शांतता झाली, माझे हात थरथरत होते, पण ठराव लिहिले गेले. तेव्हापासून प्रत्येक सभेत ठराव मोठ्याने वाचला जातो. तुला राजकारण शिकायचे असेल तर ती वही पाहायला शीक. पाहू देत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज कर. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

तुझ्या रस्त्याविषयी. गावात येणारा पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचा मालक वेगळा असतो. घरपट्टी आणि पाणीपट्टी हे ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात मिळालेल्या निधीपैकी साठ टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, आणि चाळीस टक्के अबंधित. आमदार आणि खासदार यांचा स्थानिक विकास निधी निराळा, जिल्हा परिषदेचा सेस, म्हणजे उपकर, निराळा. गावातील लोक "सरपंचाने रस्ता केला नाही" म्हणून भांडतात तेव्हा पुष्कळदा तो रस्ता ग्रामपंचायतीचा नसतोच, जिल्हा परिषदेचा असतो. म्हणून आधी त्या रस्त्याचा मालक शोध. ग्रामपंचायत विकास आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर मोबाईलवरूनही दिसतो. गावाचे नाव टाकून वर्षानुसार पाहा, आणि तेथे पूर्ण झालेले म्हणून दिसणारे एखादे काम सुट्टीत गावी गेल्यावर स्वतः चालत जाऊन बघ. मी गटाराचे एक काम असे पाहायला गेले होते. कागदावर जेवढे मीटर होते तेवढे जागेवर नव्हते. पुढे त्याचे मोजमाप पुन्हा झाले.

आणखी एक गोष्ट मुलींनी आवर्जून माहीत करून घ्यावी. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी आपल्या राज्यात थेट मतदानाची सोय आहे, ज्याला सगळे उभी बाटली, आडवी बाटली म्हणतात. एकूण महिला मतदारांपैकी पंचवीस टक्के महिलांनी मागणी केली की मतदान घेतले जाते आणि नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. झालेल्या मतदानाच्या निम्मे पुरत नाहीत, यादीतील सर्व महिलांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने धरली जाते. आमच्या जिल्ह्यात जावळी तालुक्यातील महिलांनी हा मार्ग वापरला आहे. यादीतील तुझ्या एका नावाचे वजन किती, हे याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही.

वारणाकाठ (वाळवा तालुका)

वरील दोन्ही उत्तरांविषयी मला आदर आहे, तरी एक मतभेद नोंदवतो. ग्रामसभा, माहितीचा अधिकार, शपथपत्रे हे सर्व करून माणूस जागरूक नागरिक होतो, परंतु निर्णय कोणत्या दिशेने व्हावेत हे ठरवणाऱ्या खोलीत तो अजूनही नसतो. त्या खोलीत राजकीय पक्ष असतात. विधानसभेत कायदा होतो तो पक्षांच्या संख्येवर आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष ठरतो तोही बहुतेक वेळा पक्षांच्या बैठकीत. पक्षाला अस्पृश्य मानून चांगल्या मुला-मुलींनी दूर राहावे, हा सल्ला ज्यांना ती खोली आपल्यापुरती राखायची आहे त्यांच्या सोयीचा आहे.

मी एकतीस वर्षांचा आहे आणि अठराव्या वर्षापासून एका पक्षात काम करतो. पहिली चार वर्षे मी फलक बांधले, दुचाकी फेऱ्यांत पेट्रोलपुरते पैसे घेतले आणि नेत्याच्या वाढदिवसाला केक धरून उभा राहिलो. त्या चार वर्षांत कोणीही माझे एकाही विषयावर मत विचारले नाही, याचे दुःख मला आजही आहे, कारण शिकण्याची वर्षे तीच होती. मी शिकलो ते बूथ समितीत, म्हणजे एका मतदान केंद्रापुरत्या पक्षाच्या समितीत, गेल्यावर. आमच्या बूथची यादी घेऊन मी घरोघर फिरलो. कोण मयत आहे, कोणाची मुलगी लग्न होऊन गेली, कोण मुंबईला माथाडी कामगार आहे आणि यात्रेलाच येतो, कोणाचे नाव दोनदा आहे, हे सर्व पेन्सिलने लिहिले. हजारेक नावांच्या त्या यादीतून मला माझे गाव पहिल्यांदा कळले. कोणत्या वस्तीला आजही पिण्याचे पाणी डोक्यावरून आणावे लागते, हे मला त्या वस्तीत यादी घेऊन गेल्यावर समजले. त्याआधी मी तेथे केवळ झेंडा घेऊन गेलो होतो.

म्हणून पक्षात जाण्याआधी विचार. तालुक्याची बैठक महिन्यातून किती वेळा होते आणि तीत नव्या सदस्याला बोलता येते का? पाण्यावर, ऊसदरावर, नोकरभरतीवर पक्षाची लेखी भूमिका काय आहे? युवती आघाडीला सभेच्या गर्दीपलीकडे काय काम आहे? उत्तरे मिळाली नाहीत तर थांब, दुसरीकडे विचार. आणि मिरवणुकीसाठी कोणाकडूनही एक रुपयाही घेऊ नकोस. मी घेतला म्हणून सांगतो. ज्याने पेट्रोलचे पैसे दिले त्याला प्रश्न विचारताना जीभ अडते.

वय हा अडसर मानू नकोस. मतदान अठराव्या वर्षी, पण ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांची निवडणूक एकविसाव्या वर्षी लढवता येते; विधानसभेला आणि लोकसभेला पंचवीस वर्षे पूर्ण लागतात. आर. आर. आबा पाटील १९७९ मध्ये जिल्हा परिषदेत गेले तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेले होते आणि १९९० मध्ये आमदार होईपर्यंत अकरा वर्षे त्यांनी तेथेच काम केले. पुढे ग्रामविकास मंत्री म्हणून त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राबवले, ते ज्याने गावाचा कारभार आतून पाहिला आहे अशा माणसाचे काम वाटते.

आपल्या भागात आणखी एक शाळा आहे आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. तुझे आजोबा साखर कारखान्याचे किंवा विकास सोसायटीचे सभासद असतील तर वार्षिक सर्वसाधारण सभेआधी छापील अहवाल घरी येतो. बहुतेक घरांत तो न उघडता कपाटावर जातो. तो उघड. गाळप किती झाले, साखर उतारा किती, कर्ज किती वाढले, कोणत्या संचालकाला किती येणे आहे, हे त्यात लिहिलेले असते. सांगली-साताऱ्याचे अर्धे राजकारण त्या ताळेबंदातून चालते. आजोबा "भानगड" म्हणतात ना, त्यांना त्या अहवालातील एक पान वाचून दाखव आणि अर्थ विचार. माझा अंदाज आहे की ते तासभर बोलतील.

दुष्काळी पट्टा (आटपाडी)

मुली, तू माझ्याच तालुक्याची आहेस म्हणून लिहितो. निवडणूक आणि पक्ष यांच्यापलीकडेही राजकारण असते आणि त्याचा मोठा वारसा तुझ्या दारात आहे. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, शेजारच्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षे तेथे लोक जमवले. मागणी केवळ "पाणी द्या" एवढी नव्हती. पाण्याचे वाटप समन्यायी असावे, ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क असावा, असा विचार त्यात होता. त्याआधी खानापूर तालुक्यात येरळा नदीवर शेतकऱ्यांनी नदीच्या वाळूतून पैसा उभा करून बळीराजा धरण बांधले, आणि वाळूवर व पाण्यावर पहिला हक्क कोणाचा हा प्रश्न शासनाला विचारला.

मी त्या परिषदांना तरुण म्हणून जात असे. भाकरी बांधून ट्रकमधून जायचो आणि दिवसभर मांडवात बसायचो. पाणी मोजण्याची मापे, म्हणजे क्युसेक म्हणजे काय, टीएमसी म्हणजे काय, उपसा योजनेचे वीजबिल कोणी भरायचे, हे मी तेथे शिकलो. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. टेंभू योजनेचे जे पाणी आज आपल्या शिवारात दिसते, ते कराडजवळून कृष्णेतून उचलून कित्येक टप्प्यांनी आपल्यापर्यंत येते. त्या पाण्यामागे तीन दशकांचे मोर्चे आहेत. तुझ्या आजोबांच्या वयाची माणसे त्यांत होती. ते स्वतः एखाद्या परिषदेला गेले होते का, एवढे एकदा त्यांना विचार.

माणगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. नाव गावीच ठेवायचे ठरवले आहे. ई-ग्रामस्वराजवर आमच्या गावाचा आराखडा उघडून पाहिला; आमच्या वस्तीच्या रस्त्याचा त्यात उल्लेख नाही, पण अंगणवाडीच्या शौचालयाची दुरुस्ती पूर्ण झाल्याचे दिसते. माझा लहान भाऊ त्या अंगणवाडीत जात होता, तेव्हापासून ते शौचालय कुलूपबंद आहे.

काका, तुमच्या सांगण्यावरून आजोबांना विचारले. ते दोन परिषदांना गेले होते. एकदा आटपाडीच्या तहसील कचेरीसमोर त्यांना पोलिसांनी गाडीत घालून नेले होते आणि संध्याकाळी सोडले. हे त्यांनी माझ्या वडिलांनाही कधी सांगितले नव्हते. भानगड हा शब्द त्यांनी त्यानंतर वापरलेला नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मी गावी जाणार आहे. मला शौचालयाविषयी विचारायचे आहे, परंतु आमच्याकडे बायका मारुतीच्या देवळाबाहेर पायऱ्यांवर बसतात आणि मुलींनी बोलण्याची पद्धत नाही. ताई, प्रश्न कसा मांडावा?

खटावची सदस्या

प्रश्न तोंडी विचारू नकोस, निदान आधी तरी नाही. सभेच्या आठ-दहा दिवस आधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दे. दोन प्रती कर आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तेथून हलू नकोस. अर्जात आरोप अजिबात करू नकोस. "अमुक वर्षाच्या आराखड्यात पूर्ण दाखवलेल्या अंगणवाडी शौचालय दुरुस्तीच्या कामाची मोजमाप पुस्तिका आणि देयक ग्रामसभेत वाचून दाखवावे" एवढे एकच वाक्य लिही. रस्त्याचा प्रश्न या वेळी काढू नकोस. दोन प्रश्न विचारले की सोप्या प्रश्नाचे उत्तर देऊन सभा पुढे जाते.

सभेला एकटी जाऊ नकोस. अंगणवाडीत ज्यांची मुले आहेत अशा तीन-चार जणींना आदल्या दिवशी घरी जाऊन भेट, त्यांचाच तो प्रश्न आहे. पायऱ्यांवरच बसा, पण सर्वांत वरच्या पायरीवर, म्हणजे आतून दिसाल. अर्ज वाचला गेला नाही तर उभी राहून केवळ आवक क्रमांक सांग. हजेरीच्या वहीवर सही करताना पान पाहा. एवढे तुला मी आधीच सांगितले आहे.

माणगंगाकाठ

काल ग्रामसभा झाली आणि झाली नाही. आमच्याबरोबर सात बायका आल्या, एक आजी काठी टेकत आल्या. मी हजेरी मोजली, बेचाळीस माणसे होती. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली आणि पुढची तारीख फळ्यावर लिहिली गेली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते असे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सांगितले. सर, हे बरोबर आहे का, ते कळवावे.

माझ्या अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे. सभा उठल्यावर उपसरपंच माझ्याजवळ आले आणि "कोणाच्या सांगण्यावरून आलीस?" असे विचारले. मी यादीतील माझा अनुक्रमांक सांगितला. आजोबा मागे उभे होते, त्यांनी काही म्हटले नाही. घरी येताना मात्र पुढची तारीख त्यांनी मला दोनदा विचारली. त्या दिवशी माझी प्रात्यक्षिक परीक्षा आहे, ती सकाळची असल्याने दुपारच्या एस.टी.ने सभेला पोहोचता येईल. नाही पोहोचले तर अर्जाची प्रत आजोबांकडे ठेवली आहे.